उमेदवारीविना बाजार

सवाई जयसिंगांनी १७२७ मध्ये जयपूर वसवलं आणि राजधानी आमेरच्या डोंगरातून मैदानात आणली. आमेरची तरुण मुलं आजही त्याच वाटेनं कामाला उतरतात. कुणी जोहरी बाजारात खडे घासायला, कुणी दुकानात विक्रीला. उरलेली आमेरच्या किल्ल्याच्या चढावर पर्यटकांच्या जीपगाड्या चालवतात. नोकरीनिमित्त जयपुरात असताना यांतल्या काहींशी माझी ओळख झाली. सकाळचे सव्वानऊ वाजले, की सगळ्यांचे फोन खिशातून बाहेर येत. शेअर बाजार उघडण्याची ती वेळ.

पोरांना झटपट पैशाचा लोभ सुटलाय, असं म्हणून वडीलधारी मंडळी मोकळी होतात. मला हे निदान अपुरं वाटतं. महिन्याच्या पगारातून शहरात घर होत नाही, हा हिशेब या मुलांनी कधीच करून ठेवला आहे. त्यातच २०२० साली कोरोनामुळे किल्ला बंद झाला, पर्यटक आटले आणि हाती रिकामा वेळ आला. आधार कार्डावर घरबसल्या शेअरचं डीमॅट खातं उघडत होतं. मार्च २०२० मध्ये देशात डीमॅट खाती चार कोटींच्या आसपास होती. चार वर्षांत ती पंधरा कोटींवर गेली.

पण सोय झाली म्हणून कुणी पैसे लावत नाही. त्यामागची ओढ मला कळली ती सराफ बाजारातल्या एका मराठी मुलामुळे. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी पट्ट्यातली माणसं गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगली आहेत. जुनं सोनं-चांदी मुशीत वितळवायची, तेजाबानं शुद्ध करायची, हे त्यांचं काम. हा मुलगा मामाच्या दुकानात उमेदवारी करत होता. शेअर कशाला घेतोस, असं विचारल्यावर म्हणाला, "काका, हितं कुणाचा भाचा असावं लागत नाही."

त्या एका वाक्यात पुष्कळ काही आलं. सराफीत ओळख लागते, पेढीचं नाव लागतं, भांडवल लागतं. फोनवर मात्र पाचशे रुपयांचा शेअर त्याला मुंबईच्या शेठजींना मिळतो त्याच भावात मिळतो. आडनाव कुणी विचारत नाही. कमाईइतकीच ही बरोबरीची जाणीवही त्याला हवी असते, आणि त्यात गैर काही नाही.

मात्र उमेदवारीचं दुसरंही एक काम असतं. मामा भाच्याला पहिल्या दिवशी गिऱ्हाइकाच्या सोन्याला हात लावू देत नाही. आधी भट्टी, मग तराजू, मग व्यवहार. चुकलं तर तिथल्या तिथे ओरडा बसतो, म्हणून नुकसान छोटं राहतं. फोनवर हा मामा नाही. ती जागा टेलिग्रामवर 'टिप' देणारे घेतात. शिवाय कंपनीचा वर्षानुवर्षं ठेवायचा शेअर आणि गुरुवार-मंगळवारच्या एक्सपायरीला, म्हणजे मुदत संपताना, शून्य होऊ शकणारा ऑप्शन, दोन्ही एकाच पडद्यावर, बोटाच्या अंतरावर असतात. बाजाराची नियामक संस्था सेबीनं सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या पाहणीत २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्सचे व्यवहार करणाऱ्या ९३ टक्के व्यक्तींना तोटा झाला होता. खर्च धरून सरासरी सुमारे दोन लाखांचा. हे व्यवहार करणाऱ्यांत तिशीच्या आतल्यांचा वाटा एका वर्षात ३१ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेला होता. तोट्यात गेलेल्यांपैकी पाऊणहून अधिक लोक पुढेही खेळतच राहिले.

तरीही मुलांना बाजारात जाऊ नका म्हणणं व्यर्थ आहे. पुढे जाण्याची त्यांची इच्छा खरी आहे. घरातल्या मोठ्यांनी मामाचं काम करावं: काय घेतलंस, किती दिवसांसाठी घेतलंस, पैसे उसने तर नाहीत ना, एवढं दर महिन्याला विचारावं. आणि तरुणांनी पहिली काही वर्षं शेअरची उमेदवारी करावी. ऑप्शनला तोवर हात लावू नये.