निराशा, हताशा आणि विषाद

अंबरनाथच्या प्राचीन शिवमंदिरात येणारा प्रत्येक भाविक आनंदाच्या प्रसंगीच येतो असे नाही. कोणाच्या घरी दीर्घ आजार असतो, कोणाचा व्यवसाय बुडालेला असतो, कोणी जिवलगास अंतरलेला असतो. अशा सर्व मनःस्थितींना सरसकट 'निराशा' म्हटले जाते. वास्तविक या दुःखाच्या अनेक पायऱ्या आहेत व भाषेने त्यांना वेगवेगळी नावे दिली आहेत.

'निराशा' म्हणजे आशा निघून जाणे. संस्कृतात 'आशा' या शब्दाचा 'दिशा' असाही अर्थ आहे. निराश मनुष्यास पुढची वाट दिसत नाही, हे त्यावरून सहज उमगते. 'हताश' या शब्दात आशेवर आघात झालेला असतो. 'विषाद' त्याहून खोल आहे. त्यातील 'सद्' धातूचा अर्थ बसणे, खचणे असा आहे. येथे केवळ आशा नव्हे, तर मनुष्यच खाली बसतो. धीर सुटणे, हातपाय गळणे, मन खचणे हे मराठी वाक्प्रचार याच अवस्थेचे होत.

मग निराश होणे हा श्रद्धेचा अभाव मानावा काय? 'देवावर विश्वास असता तर अशी वेळ आली नसती', असे दुःखितास अनेकदा ऐकविले जाते. भगवद्गीता तसे म्हणत नाही. तिच्या पहिल्या अध्यायाचे नावच 'अर्जुनविषादयोग' आहे. विषादालाही तेथे योगाचे स्थान मिळाले आहे. अर्जुनाने आपली व्यथा मांडली. भगवंतांचा उपदेश दुसऱ्या अध्यायात सुरू झाला. आधी श्रवण, मग उपदेश, हा क्रम मननीय आहे. मात्र भगवंतांनी अर्जुनास बसलेलेही राहू दिले नाही. गीतेत 'निराशी' हा जवळचा शब्द साधकाच्या गौरवार्थ येतो. निराश मनुष्य कर्म सोडतो. 'निराशी' साधक कर्म करीत राहून फळाची आसक्ती सोडतो.

या परिसरानेही विषाद पाहिला आहे. 1947 च्या फाळणीनंतर सिंध प्रांतातून घरदार सोडून आलेली हजारो कुटुंबे कल्याण कॅम्प या लष्करी छावणीतील बराकींत राहिली. 1949 मध्ये त्या वसाहतीस 'उल्हासनगर' हे नाव मिळाले. उल्हास म्हणजे आनंद. नावाने दुःख संपले नाही. निर्वासितांनी श्रमाने दुकाने, कारखाने व देवस्थाने उभारली. तेथील पत्त्यांत 'कॅम्प' हा शब्द आजही आहे. 'उल्हास' व 'कॅम्प' हे दोन्ही शब्द एकाच पत्त्यात नांदतात.

अंबरनाथच्या मंदिरातील शिलालेख शके 982, म्हणजे इ. स. 1060 चा आहे. येथील गाभारा सभामंडपाच्या पातळीखाली आहे. महादेवाच्या दर्शनासाठी भाविकास पायऱ्या उतरून खाली जावे लागते आणि दर्शनानंतर त्याच पायऱ्यांनी वर यावे लागते. खाली उतरणे हा येथे दोष नाही, तो दर्शनाचा मार्ग आहे.

म्हणून सोबतचा कोणी खचलेला असेल तर त्यास दोष देऊ नये. त्याचे पूर्ण ऐकावे. विषाद दीर्घकाळ टिकल्यास वैद्यकीय सल्ला अवश्य घ्यावा. उपासना व उपचार यांत विरोध नाही. आणि पायऱ्या चढताना त्यास हात द्यावा, हीच खरी शिवसेवा होय.

॥ ॐ नमः शिवाय ॥