घेवड्याचा वेल उपटल्यावर

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

सद्भक्तहो, मार्गशीर्षाचा गारठा पडला आणि दत्तजयंतीचा सप्ताह लागला की आपल्या पिपरी मेघेत घरोघरी गुरुचरित्राची पोथी चौरंगावर येते. त्यातला अठरावा अध्याय तर आपल्यापैकी कित्येकांच्या नित्यपाठात आहे. घरात ओढगस्त आली, मुलाच्या नोकरीचं जमेना, की मोठी माणसं म्हणतात, ‘अठरावा वाचत जा बाबा.’ आपण वाचतो. पण वाचताना डोळे लागलेले असतात ते शेवटी सापडणाऱ्या द्रव्याच्या कुंभाकडे. आज मला त्या कुंभाच्या आधीची गोष्ट आपल्यापुढे ठेवायची आहे.

कथा आपल्याला ठाऊकच आहे. कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळ अमरापूर गावी एक दरिद्री ब्राह्मण राहत होता. दारात घेवड्याचा एक वेल होता. ज्या दिवशी कोरान्न मिळायचं नाही, त्या दिवशी त्याच्या शेंगांवर घर निभायचं. श्रीनृसिंहसरस्वती महाराज भिक्षेला आले. घरात दाणा नाही, म्हणून शेंगांचीच भाजी वाढली. महाराज तृप्त झाले, आशीर्वाद दिला, आणि जाता जाता तोच वेल मुळापासून तोडून टाकला! बाईंनी आकांत मांडला. आपल्याही घरातल्या बाईने मांडला असता. त्यात तिचा दोष काय? चूल कशावर पेटते हे तिलाच माहीत असतं.

आता ब्राह्मणाने काय केलं ते पाहा. त्याने पत्नीची समजूत घातली, महाराजांना बोल लावला नाही, आणि खणायला घेतलं. धन शोधायला नव्हे बरं का! वेलाचं मूळ काढायला. वेल गेला, मग मागे राहिलेलं मूळ तरी काढून जागा मोकळी करू, इतकंच समोर आलेलं काम. त्या कामात कुंभ लागला. तो कपाळाला हात लावून ओट्यावर बसला असता, तर कुंभ जमिनीतच राहिला असता. कृपा जमिनीखाली होतीच, पण कुदळ त्याला उचलावी लागली.

हे जुन्या काळचं झालं, असं कोणी म्हणेल. म्हणून आपल्या ओळखीचं एक नाव घेतो. ‘श्रीगजानन विजय’ ग्रंथाचं पारायण या भागात कोणत्या आळीत होत नाही? त्याचे कर्ते संतकवी दासगणू महाराज. मूळ नाव गणेश दत्तात्रेय सहस्रबुद्धे, जन्म 1868 चा, नोकरी पोलिसात. मनात एकच आस, फौजदार व्हायचं. नानासाहेब चांदोरकरांबरोबर ते शिरडीला आले. साईबाबा त्यांना नोकरी सोड म्हणत, आणि हे म्हणत, ‘एकदा फौजदार होऊ द्या, मग सोडतो.’ वर्षं गेली, नोकरीत जिवावरची संकटं आली, फौजदारी काही आली नाही. अखेर नोकरी सुटली. त्या दिवशी शेजाऱ्यांनी काय म्हटलं असेल, ते आपण ओळखू शकतो. पण त्यानंतर हातात वीणा आणि चिपळ्या आल्या, आणि गावोगावी कीर्तन सुरू झालं. 21 अध्यायांचा गजानन विजय 1939 साली शेगावी पूर्ण झाला, तेव्हा महाराजांनी सत्तरी ओलांडली होती. फौजदार गणेशरावांना त्यांच्या ठाण्याबाहेर कोणी ओळखलं असतं? फौजदारी मिळाली नाही, म्हणून आपल्या देवघरात तो ग्रंथ आला.

आणखी जवळ पाहायचं तर आपलं सेवाग्राम आहे. तिथल्या कुटीत राहून गेलेले बापू तरुणपणी मुंबईच्या कोर्टात पहिल्या खटल्याला उभे राहिले आणि तोंडातून शब्द फुटेना. एका शाळेत 75 रुपयांची मास्तरकी मागायला गेले, तर पदवीधर नाही म्हणून परत पाठवलं. बॅरिस्टर राजकोटला परतून अर्ज लिहीत बसला. मग एका पेढीचं एका वर्षाचं काम आलं, म्हणून 1893 साली दक्षिण आफ्रिकेला गेला. पुढचं आपण जाणतोच.

थोडं माझंही सांगतो. मी एका कारखान्यात हिशेब लिहीत असे. बावन्नाव्या वर्षी कामावरून कमी केलं. धाकटीचं लग्न व्हायचं होतं. आमच्या सौभाग्यवती एवढंच म्हणाल्या, ‘अक्षर तर त्यांनी ठेवून नाही घेतलं ना?’ शेजारच्या म्हातारबाबांचा पेन्शनचा अर्ज लिहून दिला. मग दुसरे आले, तिसरे आले. निराधार योजनेचे, वारसाचे, बँकेचे कागद. जमेल तो पैसे देई, कोणी मेथीची जुडी आणून ठेवी. द्रव्याचा कुंभ काही लागला नाही. लग्न मात्र झालं, आणि आज सकाळी सातला कोणीतरी फाटकाशी येऊन ‘काका, हायेत का घरी?’ म्हणून हाक मारतं. त्या हाकेला मी प्रसाद मानतो.

पण भक्तहो, इथे एक पथ्य आहे. आपला वेल तुटला तर त्याला प्रसाद म्हणावं. दुसऱ्याचा तुटला तर घाईने म्हणू नये. कोणावर अन्याय झाला असेल तर त्याच्या बाजूने उभं राहावं, तेव्हा पोथी पुढे करू नये. आणि प्रत्येक मुळाखाली कुंभ असतोच, असाही पोथीचा दावा नाही.

आज आपल्या वस्तीत स्पर्धा परीक्षेची चार-पाच वर्षं घालवून घरी बसलेली लेकरं आहेत. निकाल लागला की ती जेवायला ताटावर येत नाहीत, मोबाईल घेऊन खोलीत पडून राहतात. आपण वडीलधारी माणसं त्या वेळी काय बोलतो, यावर फार काही अवलंबून असतं. ‘अमक्याचा पोरगा लागला पाहा’ हे वाक्य त्या ब्राह्मणीच्या आकांतापेक्षाही जड पडतं. तो आकांत वेलासाठी होता, हे वाक्य लेकराच्या काळजावर पडतं. आपल्या विदर्भाने अशी काळजं तुटलेली पुष्कळ पाहिली आहेत. म्हणून लेकराला म्हणावं, ‘वेल गेला रे, तू आहेस ना? ये, आधी जेव. उद्या सकाळी दोघं मिळून जागा साफ करू.’ त्याच्या हाती एखादं छोटं काम द्यावं, आणि आपणही बरोबर वाकावं.

यंदा पारायणात अठरावा अध्याय येईल, तेव्हा घरातल्या त्या लेकराला शेजारी बसवा. समजावू नका, नुसतं बसवा. आरतीनंतर पहिला प्रसाद त्याच्या हातावर ठेवा. पुढचं महाराज पाहतील.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥