दुसरी नदी

परक्या शहरात, तुटलेलं मन घेऊन राहणाऱ्याला पुन्हा कुणी आवडू लागलं की आनंदाआधी अपराधी वाटतं. मग पहिलं प्रेम खोटं होतं का?

हा प्रश्न उल्हासनगरला विचारून बघा. १९४७च्या फाळणीत सिंध सुटलेली माणसं कल्याणजवळच्या लष्करी छावणीत, बराकींमध्ये राहायला आली. परतीची वाट बंद झाली होती. १९४९मध्ये त्या छावणीचं उल्हासनगर झालं, शेजारच्या उल्हास नदीच्या नावावरून. सिंधूकाठच्या माणसांनी इथे दुकानं थाटली, कारखाने काढले, लेकरांची लग्नं लावली. सिंधी बोली, सिंधी कढी, चेटीचंड मात्र सुटलं नाही. पत्ता सांगताना लोक आजही ‘कॅम्प नंबर तीन’ म्हणतात.

म्हणजे जीव लावायला आधी विसरावं लागत नाही. जुन्या प्रेमाने आपल्याला जीव लावायला शिकवलेलं असतं. ते शिकणं वापरलं तर त्याचा अपमान कसा होईल?

बेईमानी होते ती वेगळीच. नव्या माणसाने जुन्यासारखं हसावं, बोलावं, असा हट्ट धरला की आपण दोघांवरही अन्याय करतो. उल्हास ही सिंधू नव्हे. तिला तिच्याच नावाने हाक मारावी.