ऋषिऋण कुणाच्या हाती फेडायचं?

माणूस तीन ऋणं घेऊनच जन्माला येतो, असं आपली परंपरा मानते. तैत्तिरीय संहितेतलं मूळ वचन ब्राह्मणापुरतं आहे. ते सर्वांना लागू आहे असं मी मानते. देवांचं ऋण यज्ञाने फिटतं, पितरांचं संततीने आणि ऋषींचं अध्ययनाने. यातल्या तिसऱ्या ऋणाचा हिशोब मला कधीच सरळ वाटला नाही. ज्यांनी विचार केला, लिहिलं, ते निघून गेले. त्यांच्या हातावर आता काय ठेवणार? आणि वाचल्याने हे ऋण फिटतं म्हणावं, तर प्रत्येक नव्या पुस्तकाबरोबर ते वाढतच जातं.

माझी नोकरी नाशिकच्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात झाली. जुनी पुस्तकं हाताळताना एक गोष्ट मनात पक्की होत गेली. लेखकाने लिहिलेलं आपल्यापर्यंत पोहोचतं, कारण मधे कुणीतरी ते दाखल नोंदवहीत चढवलेलं असतं, त्याला वर्गांक दिलेला असतो, कण्याला कापड लावलेलं असतं, वाळवीपासून जपलेलं असतं. आपल्या गावचं सार्वजनिक वाचनालय 1840 सालचं आहे. तिथे आज जो वाचक कपाटापुढे उभा राहतो, तो अशा किती अनाम हातांचा देणेकरी आहे! ऋषी हाती लागत नाही, पण त्याचे शब्द पुढे नेणारा माणूस समोर असतो. ऋषिऋण फेडायचं तर त्याच्याच हाती फेडायला हवं, असं मी मानते.

हे लिहायचं कारण व्यवहारातलं आहे. आम्ही काही निवृत्त ग्रंथपालांनी मिळून एक लहान निधी उभा केला आहे. ग्रंथालय व माहितीशास्त्राची पदवी, म्हणजे बी.लिब. आणि पुढे एम.लिब., करणाऱ्यांची फी त्यातून भरायची, एवढंच त्याचं काम. यंदा आलेल्या अर्जांत पेठ तालुक्यातल्या एका मुलीचा अर्ज आहे. पदवीधर आहे, लग्न झालेलं आहे. गावातलं सार्वजनिक ग्रंथालय संध्याकाळी तीच उघडते. 1967 च्या ग्रंथालय कायद्याने महाराष्ट्रात अशा ग्रंथालयांना अनुदान मिळू लागलं, त्यांचे अ, ब, क, ड असे वर्ग ठरले. पण खालच्या वर्गाच्या ग्रंथालयात हाती पडणाऱ्या मानधनात घर चालत नाही. हंगामात ती द्राक्षबागेत कामाला जाते. तिला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बी.लिब. करायचं आहे. शासनाच्या शिष्यवृत्त्या आहेत, विद्यापीठांत कमवा आणि शिका योजना आहे, आणि त्यांनी हजारो घरांत पहिला पदवीधर दिला आहे. तरी आमच्याकडे येतात ते बहुतेक वय पुढे गेलेले, नोकरी सांभाळून शिकणारे, कुठल्या ना कुठल्या रकान्यात न बसणारे.

बैठकीत दोन सूचना आल्या. पहिली अशी, की ज्याला मदत करू त्याच्याकडून किमान दोन वर्षं ग्रामीण ग्रंथालयात काम करण्याची हमी लिहून घ्यावी. दुसरी अशी, की एक छोटा कार्यक्रम करून धनादेश द्यावा, फोटो छापून आणावा, म्हणजे आणखी देणगीदार मिळतील. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी गीतेचा आधार घेतला. सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार आहेत. परतफेडीची अपेक्षा न धरता, योग्य जागी, योग्य वेळी, पात्र माणसाला दिलेलं ते सात्त्विक. मग पात्रता तपासायला नको का, असं त्यांचं म्हणणं. प्रश्न रास्त होता, आणि त्याचं उत्तर मला आपल्याच गावच्या डोंगरात सापडतं.

पांडवलेण्यांतल्या दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. लेणं त्याने भिक्षुसंघाला दिलं आणि सोबत तीन हजार कार्षापणांची अक्षयनीवी दिली. अक्षयनीवी म्हणजे मुद्दल कधीही न मोडायची ठेव. हे पैसे गोवर्धनमधल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यवसायसंघांकडे, ठेवले होते: दोन हजार दरमहा शेकडा एक व्याजाने, आणि एक हजार दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. दोन हजारांचं वर्षाचं व्याज दोनशे चाळीस होतं. लेण्यात वर्षावास, म्हणजे पावसाळ्यातला मुक्काम, करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, द्यायचे, असं लेखात आहे. वीस बारे दोनशे चाळीस. हिशोब एका नाण्यानेही चुकत नाही. उरलेल्या हजाराचं व्याज भिक्षूंच्या इतर खर्चासाठी. आणि हे सगळं नगराच्या सभेत ऐकवून दप्तरी नोंदवलं, असंही त्यात कोरलेलं आहे.

या लेखाचा मी ग्रंथपालाच्या नजरेने विचार करते. अभ्यासाला आणि साधनेला बसलेल्या माणसाला अंगावरच्या कापडाची चिंता नसावी, म्हणून केलेली ही तरतूद आहे. म्हणजे ही शिष्यवृत्तीच. ती चारही दिशांच्या संघाला दिली आहे. कुठल्या पंथाचा, कुठून आलेला, असं काही विचारलेलं नाही. स्वतः उषवदात ब्राह्मणांनाही भरभरून देणारा होता, हे त्याचे दुसरे लेख सांगतात. पात्रतेची अट एकच: त्याने तिथे वर्षावास करावा, म्हणजे जे काम करायला आला ते करावं. बंधन घातलं आहे ते पैसे सांभाळणाऱ्यांवर, की मुद्दल मोडू नका. घेणाऱ्यावर परतफेडीचं बंधन नाही. आणि तो गोवर्धन परिसर म्हणजे गंगापूर धरणाजवळचा, जिथे 1989 साली स्थापन झालेलं मुक्त विद्यापीठ आज उभं आहे. पेठच्या त्या मुलीचा प्रवेश तिथेच व्हायचा आहे.

हमीपत्राच्या बाजूनेही मोठं उदाहरण आहे, आणि तेही आपल्याच जिल्ह्याशी जोडलेलं. मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याचा गोपाळ 1875 साली बडोद्याला दत्तक गेला आणि सयाजीराव गायकवाड झाला. 1910 साली त्यांनी अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना बोलावून घेतलं, संस्थानभर ग्रंथालयांचं जाळं विणायला घेतलं, आणि 1911 साली बडोद्यात ग्रंथपालांच्या प्रशिक्षणाचा वर्ग सुरू झाला. पुस्तकांइतकीच ती सांभाळणाऱ्या माणसांवर गुंतवणूक करायला हवी, हे इतक्या आधी त्यांना कळलं होतं. याच सयाजीरावांनी 1913 साली भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी तीन वर्षं दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. तिला अट होती: परतल्यावर दहा वर्षं संस्थानात नोकरी.

आंबेडकर 1917 साली नोकरीवर रुजू व्हायला बडोद्याला गेले. शब्द पाळायलाच गेले होते. पण जातीमुळे त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही आणि त्यांना परतावं लागलं. करार लिहून घेताना विद्यार्थ्याने काय करायचं ते ठरलं होतं; शहराने त्याच्यासाठी काय करायचं, हे मात्र कुठल्याच कागदावर नव्हतं. अट पुरी झाली नाही, तरी त्या साडेअकरा पौंडांचं फळ आपल्या सगळ्यांच्या घरात आहे. संविधान हातात घेणारा प्रत्येक माणूस ते भोगतो आहे. हमीपत्र पाळलं गेलं की नाही, यावरून शिष्यवृत्तीचं मोल ठरवलं, तर आपल्या इतिहासातलं हे सर्वांत मोठं देणं वाया गेलं असं म्हणावं लागेल.

यावर आक्षेप येतो तो मी हलका मानत नाही. पैसे लोकांच्या घामाचे आहेत. उद्या ही मुलगी पदवी घेऊन एखाद्या बँकेत लागली तर? तर ग्रंथालय एक माणूस गमावेल, हे खरं. पण ती बँकेत का जाईल, याचं कारण आपण जे मानधन देतो त्यात आहे. राबण्याची हमी तिच्याकडून घ्यायची आणि जगण्याइतकं वेतन देण्याची हमी कुणी द्यायची नाही, याला मी धर्म म्हणणार नाही. तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत देण्याबद्दल जो उपदेश आहे, त्यात देणाऱ्याने श्रद्धेबरोबर संकोच आणि भयही बाळगावं अशी अपेक्षा आहे. भय कशाचं? मला वाटतं, आपण फेडत असलेल्या ऋणाला उपकार समजू लागण्याचं. फोटोच्या सूचनेला माझा विरोध त्यासाठीच आहे. सावकाराचे पैसे फेडताना कुणी सत्कार मागत नाही.

एस. आर. रंगनाथन यांनी भारतात ग्रंथालयशास्त्र उभं केलं. आयुष्याच्या बचतीतले एक लाख रुपये त्यांनी मद्रास विद्यापीठाला या विषयाच्या अध्यासनासाठी दिले आणि त्याला पत्नी शारदा यांचं नाव ठेवलं. पुढे बंगळुरात पत्नीच्याच नावाने ग्रंथालयशास्त्रासाठी स्वतंत्र निधी उभा केला. या विद्येतून जे मिळालं, ते त्यांनी या विद्येत येणाऱ्यांकडे परत वळवलं. ऋण फेडण्याची याहून नेमकी रीत मला माहीत नाही.

म्हणून पुढच्या बैठकीत मी तीन नियम मांडणार आहे. मुद्दल बँकेत राहील, खर्च फक्त व्याजातून होईल. अर्जदाराला दोनच गोष्टी विचारायच्या: प्रवेश झाला आहे का, आणि पैशांवाचून काही अडतं आहे का. आणि हिशोब दरवर्षी सगळ्यांपुढे वाचून दाखवायचा, पण घेणाऱ्याचं नाव त्यात घ्यायचं नाही. येत्या सिंहस्थात हे शहर लाखो यात्रेकरूंना जेवू घालेल आणि कुणालाही त्याची पात्रता विचारणार नाही. अन्नाच्या बाबतीत जे नाशिकला आपसूक कळतं, ते विद्येच्या बाबतीतही कळावं, एवढीच माझी मागणी आहे. ज्यांना ज्यांना पुस्तकांनी घडवलं, त्या प्रत्येकाकडे या ऋणाचा काही भाग थकलेला आहे. तो फेडून घ्यायला पेठसारख्या गावातून कुणी स्वतः चालत येत असेल, तर मान आपण झुकवायची आहे.