समुपदेशकाच्या खोलीतला देव

न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागात, पूर्वेकडच्या ६५व्या रस्त्यावर मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची संस्था होती. दर शुक्रवारी संध्याकाळी पाच डॉलरचं तिकीट काढून लोक तिथे जमत. त्यांतलं कुणीतरी पुढे येऊन आपलं दुखणं सांगे आणि एलिस भर सभेत त्याची उलटतपासणी घेत. तोंडात सर्रास शिव्या आणि फिरून फिरून एकच सवाल : अमुक गोष्ट अशीच व्हायला हवी होती, हे लिहिलंय कुठे?

एलिस पक्के नास्तिक. देव असण्याची शक्यता इतकी कमी आहे की ती नाही असं समजून चालायला हरकत नाही, असं ते म्हणत. त्यांच्या उपचारपद्धतीला १९५५ मध्ये आकार आला. मराठीत ती विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणून रुजली. मुंबईच्या किशोर फडके यांचा एलिस यांच्याशी अनेक वर्षं पत्रव्यवहार होता आणि इथे ही पद्धत आणण्यात त्यांचा वाटा मोठा. ठाण्याच्या आयपीएच या मानसिक आरोग्याच्या संस्थेतून डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ती लोकांपर्यंत नेली आणि वेदान्ताशी तिची सांगडही घातली. अंजली जोशी यांनी तर ‘मी अल्बर्ट एलिस’ नावाची कादंबरी लिहिली. इतक्या कडव्या नास्तिकाचं बोट धरून आलेली पद्धत घरोघरी देव्हारा असलेल्या महाराष्ट्रात टिकली, यात गंमत आहे. तशी ती मुळातच होती म्हणा. माणसाला घटना त्रास देत नाही, घटनेबद्दलचं त्याचं मत त्रास देतं, हा विचार एलिस यांनी ज्या एपिक्टेटसकडून घेतला, तो ग्रीक तत्त्वज्ञ देव मानणारा होता.

पण धर्माशी असं जमवून घेणं एलिस यांना बराच काळ मान्य नव्हतं. धर्म माणसाला परावलंबी करतो, हट्टी करतो, अपराधी भावनेनं पोखरतो. कट्टर श्रद्धा आणि मनोविकार यांत फारसं अंतर नाही, असा त्यांचा दावा होता. ‘द केस अगेन्स्ट रिलिजन’ ही पुस्तिका त्यांनी त्यासाठीच लिहिली. १९८० मध्ये ॲलन बर्गिन या मॉर्मन पंथाच्या मानसशास्त्रज्ञाने मानसोपचार आणि धार्मिक मूल्यं यांवर एक लेख लिहिला. उपचार करणाऱ्याची स्वतःची मूल्यं उपचारात उतरतातच, मग धार्मिक मूल्यांनाच दाराबाहेर का ठेवायचं, असा त्याचा रोख होता. एलिस यांनी त्याच वर्षी खरमरीत उत्तर दिलं. वाद गाजला. बर्गिन यांनी मग आकडे काढले. १९८३ मध्ये त्यांनी २४ अभ्यास एकत्र तपासले. त्यांतल्या ४७ टक्के निष्कर्षांत धार्मिकतेचा मानसिक आरोग्याशी चांगला संबंध दिसला, २३ टक्क्यांत वाईट, ३० टक्क्यांत काहीच नाही. श्रद्धा म्हणजे आजार, हे विधान काही या आकड्यांतून निघत नव्हतं. श्रद्धा म्हणजे औषध, हेही निघत नव्हतं.

त्या वादानंतर वीस वर्षांनी एलिस यांनी स्वतःच बाजू बदलली. २००० साली, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, अमेरिकी मानसशास्त्र संघटनेच्या व्यावसायिक नियतकालिकात त्यांनी लेख लिहिला : देवाधर्मावर गाढ श्रद्धा असलेल्यांसाठी आपली पद्धत वापरता येईल का? उत्तर होतं, येईल. दुसऱ्याच वर्षी धार्मिक लोकांच्या समुपदेशनावरचं एक पुस्तक त्यांनी दोन सहलेखकांबरोबर काढलं. नास्तिक ते शेवटपर्यंत राहिले. बदललं ते निदान. रोगाचं मूळ देवात नाही, ते ‘असंच झालं पाहिजे’ या हट्टात आहे, आणि तो हट्ट नास्तिकालाही जडतो, हे त्यांनी मान्य केलं.

इथून खरा प्रश्न सुरू होतो. जो देव मानत नाही, त्यानं समोरच्याच्या देवाच्या भाषेत उपचार करावा का? की ती शुद्ध लबाडी?

या बाबतीत एक प्रयोग हटकून आठवावा असा आहे. रेबेका प्रॉप्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये तो प्रसिद्ध केला. नैराश्य असलेले ५९ धार्मिक ख्रिस्ती लोक. काहींना विचार बदलण्याची नेहमीची उपचारपद्धती मिळाली, काहींना तीच पद्धत धार्मिक दाखले आणि धार्मिक प्रतिमा घालून. उपचार करणारेही दोन प्रकारचे होते, श्रद्धाळू आणि अश्रद्ध. धार्मिक पद्धतीत सगळ्यांत चांगला गुण आला तो अश्रद्ध उपचारकांच्या हातून. बऱ्याच काळानंतर पाहिलं तेव्हा निरनिराळ्या गटांतला फरक ओसरला होता आणि प्रयोगही लहानच, तेव्हा त्यावर इमले बांधायला नकोत. पण श्रद्धाळू माणसाला श्रद्धाळूच समजू शकतो, या समजाला त्यानं चांगलाच धक्का दिला.

तरी लबाडीचा आक्षेप उरतोच. एक काल्पनिक प्रसंग घेऊ. पन्नाशीची एक बाई समुपदेशकासमोर बसली आहे. धाकटा मुलगा मोटरसायकलवरून गेला, त्याला वर्ष होत आलं. ती म्हणते, “सर, तुळजापूरला नवस बोलले होते, पोरगं पास झालं की खणानारळानं ओटी भरीन म्हणून. राहून गेलं. आईनं शिक्षा दिली.” समुपदेशक मनातून कसलाच देव मानत नाही. ‘ताई, देवी वगैरे काही नसतं’ असं तो म्हणाला, तर बाई पुन्हा त्या खोलीत पाऊल ठेवणार नाही. ‘देवी अशी शिक्षा देत नसते’ असं म्हणाला, तर ज्या देवीला तो मानतच नाही तिच्या स्वभावाची हमी त्यानं कुठल्या अधिकारानं दिली? तिसरी वाट प्रॉप्स्ट यांच्या प्रयोगातली. “ताई, तुम्ही देवीला आई म्हणता. तुमचा थोरला एखादं सांगितलेलं काम विसरला, तर तुम्ही काय करता?” बाई म्हणेल, “रागावते.” थोडं थांबून म्हणेल, “जिवावर नाही उठत.”

हे उत्तर ऐकायला बरं वाटतं, म्हणूनच त्याची नीट चौकशी करावी. समुपदेशकानं इथे देवाबद्दल स्वतःचं एक अक्षरही सांगितलेलं नाही. बाईच्याच श्रद्धेतली एक गोष्ट दुसरीसमोर उभी केली. लबाडीच्या आरोपातून तो सुटतो, पण निर्दोष सुटत नाही. बाईच्या परंपरेत कोपणारी देवीही आहे आणि तीही तितकीच खरी मानली जाते. त्यातली मायाळू बाजू निवडली कुणी? प्रश्न विचारणाऱ्यानं. तटस्थ प्रश्न नावाची चीज नसते, हे बर्गिन यांचं म्हणणं इथे पटतं. एवढं मात्र करता येतं : निवड शेवटी बाईच्या हातात ठेवायची. ती म्हणाली, “नाही सर, ओटी भरल्याशिवाय मला चैन नाही पडायचं,” तर तिनं तुळजापूरला जाऊन यावं. त्यात समुपदेशकाचा पराभव नाही. नवस फेडून आल्यावरही ती स्वतःला मुलाची खुनी समजत असेल, तर मात्र त्याचं काम अजून बाकी आहे.

देवाशी बिनसलं की काय होतं, यावरही अभ्यास आहे. केनेथ पार्गामेंट आणि सहकाऱ्यांनी रुग्णालयातल्या ५९६ वयस्कर रुग्णांचा दोन वर्षं मागोवा घेतला. निष्कर्ष २००१ मध्ये आले. देवानं मला टाकलं, देवाचं माझ्यावर प्रेम नाही, हे सैतानानं केलं, असं ज्यांना वाटत होतं त्यांच्या मृत्यूचा धोका १९ ते २८ टक्क्यांनी जास्त निघाला. या तिन्हींत राग नाही, हे मराठी वाचकाच्या चटकन लक्षात यावं. जनाबाईनं विठ्ठलाला शिव्याशाप दिले, पण त्याच्याशी बोलणं सोडलं नाही. भांडण चालू असणं आणि टाकून दिल्यासारखं वाटणं, या दोन मनःस्थिती वेगळ्या. ज्या समुपदेशकाला वारकऱ्याचं हे भांडण ठाऊकच नाही, तो त्याची नोंद लक्षण म्हणून करून मोकळा होईल.

आणि ठाऊक नसण्याची शक्यता बरीच. २००७ मध्ये अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांतल्या ४८ टक्क्यांनी धर्म आपल्या आयुष्यात महत्त्वाचा नाही असं सांगितलं. सामान्य लोकांत हे प्रमाण १५ टक्के होतं. धर्म मानसिक आरोग्याला उपकारक आहे, असं मात्र ८२ टक्क्यांना वाटत होतं. म्हणजे द्वेष नाही, परकेपणा आहे. आपल्याकडच्या केस-पेपरवर नाव, वय, शिक्षण, व्यवसाय यांच्या रांगेत ‘धर्म’ हा रकाना असतो. त्यात एक शब्द भरला जातो आणि विषय संपतो. त्या एका शब्दातून खंडोबाचा भक्त, विपश्यनेला जाणारा बौद्ध, मांत्रिकाकडून गंडा बांधून आलेला पदवीधर आणि चोरून नमाज सोडून दिलेला तरुण यांतलं काहीच कळत नाही. मनोविकारांच्या अमेरिकी निदानपुस्तिकेच्या २०१३ च्या आवृत्तीत सोळा प्रश्नांची एक सांस्कृतिक मुलाखत दिली आहे. तुमच्या घरच्यांना, ओळखीच्यांना या त्रासाचं कारण काय वाटतं, असा एक प्रश्न त्यात आहे. तो विचारायला पाच मिनिटंही लागत नाहीत.

मग समोरच्याच्या श्रद्धेला हातच लावायचा नाही का? लावायचा, जिथे इजा होते तिथे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतल्या एरवाडीला, दर्ग्याच्या परिसरातल्या एका खासगी निवासात आग लागली आणि साखळदंडांनी बांधून ठेवलेले २८ मनोरुग्ण जळून मेले. मनोरुग्णाला साखळीनं बांधणं आता २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं निषिद्ध आहे. त्याच कायद्यानं दुसऱ्या बाजूलाही कुंपण घातलं : आपल्या समाजातल्या धार्मिक समजुती कुणी मानत नाही, एवढ्यावरून त्याला मनोरुग्ण ठरवता येत नाही. महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदाही असाच. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण केली तर गुन्हा. वारी, कीर्तन, भजन यांना हात नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकर आयुष्यभर हेच सांगत होते, की विरोध देवाला नाही, देवाच्या नावावर चालणाऱ्या शोषणाला आहे. एलिस यांना तिथवर पोचायला अर्धं आयुष्य लागलं.

तेव्हा समुपदेशकाकडे जाल तेव्हा झोप आणि भूक यांच्याबरोबर देवाचंही सांगा : नवस, उपास, अंगारा, सोडलेली माळ, आलेला राग. देव मानत नसाल तर तेही सांगा. ऐकताना तो हसला, किंवा उठून हातात जपमाळ द्यायला लागला, तर दुसरा शोधा.