अज्ञानाची जमीन, बापाची सही

सातबाऱ्यावर एखाद्या नावापुढे ‘अ.पा.क. आई’ असं लिहिलेलं दिसतं. मालक अज्ञान आहे, पालनकर्ती आई. जमीन कोण कसतो, घर कोण चालवतो, हे काहीही असो. मालक तो शाळेत जाणारा मुलगाच. मग ही जमीन विकायची झाली तर नुसती आईबापाची सही पुरते का? आजचा कायदा ‘नाही’ म्हणतो. पण या उत्तरापर्यंत यायला त्याला पुष्कळ काळ लागला.

पोरक्या वारसाची मालमत्ता हा राजाच्या काळजीचा विषय आहे, हा विचार आपल्याकडे जुनाच. मूल गुरुगृहाहून परतेपर्यंत किंवा त्याचं बालपण सरेपर्यंत राजाने त्याचा वारसा सांभाळावा, असं मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात सांगितलं आहे. इंग्रजी अमदानीत प्रश्न वेगळ्या बाजूने पुढे आला. 1856 साली हनुमानप्रसाद पांडे यांच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलसमोर एका आईने अज्ञान मुलाच्या इस्टेटीवर करून दिलेलं गहाणखत होतं. निकाल असा लागला: अज्ञानाची इस्टेट सांभाळणाऱ्याचा अधिकार मर्यादित आहे; गरज असेल किंवा इस्टेटीचं भलं होणार असेल, तरच तो वापरावा. सावकाराने त्या गरजेची चौकशी करावी. प्रामाणिकपणे केली असेल, तर पुढे पैसा कुठे गेला याचा जाब त्याला द्यावा लागणार नाही.

आजही कोर्टात ‘कायदेशीर गरज’ हा शब्द निघतो तेव्हा पाया याच निकालाचा असतो. मला मात्र त्यात एक उणीव दिसते. इथे तपास होतो तो व्यवहार उरकल्यानंतर, बहुधा मूल मोठं होऊन कोर्टात गेल्यावर. आणि तपासात पहिला प्रश्न असतो सावकार किती सावध होता हा. मुलाच्या हाती काय उरलं, हा त्यानंतरचा.

दोनच वर्षांनी, 1858 मध्ये, बंगालसाठी झालेल्या कायद्याने क्रम उलटा केला. सर्टिफिकेट घेऊन अज्ञानाची इस्टेट सांभाळणाऱ्याने विक्री, गहाण किंवा पाच वर्षांहून लांबचा भाडेपट्टा करण्याआधी दिवाणी न्यायालयाचा हुकूम घ्यावा, अशी तरतूद आली. 1890 च्या पालक आणि पाल्य कायद्याने ही शिस्त देशभर नेली. आधी विचारा, मग विका. पण हे बंधन होतं कोर्टाने नेमलेल्या पालकावर. जन्मदात्या बापाला ते नव्हतं. त्याने गरज दाखवली की पुरे. रक्ताच्या नात्यावर पहारा कशाला, हे त्यामागचं गृहीत.

हे गृहीत मोडलं 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याच्या आठव्या कलमाने, आणि माझ्या मते या विषयातलं सगळ्यात धाडसी पाऊल तेच. बापाने मुलाची जमीन कसावी, घर दुरुस्त करावं, भाडं वसूल करावं. त्याला कोणाची आडकाठी नाही. पण विक्री, गहाण, बक्षीस, अदलाबदल, पाच वर्षांहून जास्त किंवा मूल सज्ञान झाल्यावर वर्षापलीकडे जाणारा भाडेपट्टा, यांसाठी न्यायालयाची पूर्वपरवानगी हवी. न्यायालयानेही ती परवानगी गरज किंवा मुलाचा उघड फायदा असल्याशिवाय द्यायची नाही. हुकुमात कारण लिहायचं, मिळकतीचं वर्णन करायचं. विक्री लिलावाने करा, रक्कम कोर्टात भरा, अशा अटीही घालता येतात.

हा कायदा बापाला खलनायक ठरवत नाही. घरात मुलीचं लग्न निघतं, दुकान कर्जात जातं, शहरात फ्लॅट घ्यायचा असतो. यातली एकही गरज खोटी नसते. पण आजोबांनी नातवाच्या नावे करून दिलेला प्लॉट ही त्या गरजांसाठी राखलेली गंगाजळी नव्हे. घराची निकड आणि मुलाचं हित एकाच ताटात आलं, की वेगळं करून बघणारं तिऱ्हाईत माणूस लागतं. प्रेम असलं तरी लागतं. मूल स्वतः विचारू शकत नाही.

आईच्या सहीचा प्रश्न मात्र त्याच कायद्यात अर्धवट राहिला. पालक बाप, आणि त्याच्यानंतर आई, अशी त्याची भाषा. लेखिका गीता हरिहरन यांनी मुलाच्या नावे रोखे घेताना हीच अडचण अनुभवली. 1999 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘बापानंतर’चा अर्थ ‘बापाच्या गैरहजेरीत’ असा केला. बाप जिवंत असूनही मुलाकडे पाहत नसेल, तर आई पालक ठरू शकते.

परवानगी न घेता विकलं तर? व्यवहार आपोआप बाद होत नाही. मुलाने मनावर घेतलं तर रद्द होतो. दाव्याची मुदत सज्ञान झाल्यापासून तीन वर्षं. म्हणजे अठरा ते एकवीस, जेव्हा पोरगं कॉलेजात किंवा पहिल्या नोकरीत असतं आणि खरेदीखत कुठे आहे हेही त्याला ठाऊक नसतं. 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की आईने असं खरेदीखत करून दिलं असेल, तर ते रद्द करून घेतल्याशिवाय नुसता ताबा मागून भागत नाही. 2025 मध्ये दावणगेरेच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने दार थोडं उघडलं. बापाने विकलेला प्लॉट मुलांनी सज्ञान झाल्यावर स्वतः दुसऱ्याला विकला. जुना व्यवहार नाकारायला एवढं वागणं पुरेसं, वेगळा दावा लागत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. मला हा निकाल योग्य वाटतो.

पण गावाकडच्या बहुतेक मुलांपर्यंत आठवं कलम पोहोचतच नाही. त्यांचा हिस्सा असतो वडिलोपार्जित, सामाईक जमिनीत. तिथे कर्ता, म्हणजे एकत्र कुटुंबाचा प्रमुख, कायदेशीर गरजेपोटी विकू शकतो, अज्ञानाच्या अविभक्त हिश्श्यासाठी परवानगी लागत नाही, हे 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे. म्हणजे 1856 चीच कसोटी. 2005 पासून मुलीही जन्माने सहदायाद, म्हणजे अशा मिळकतीच्या हिस्सेदार, झाल्या, त्यामुळे ही उघडी बाजू त्यांनाही लागू.

प्रत्येक कर्त्याला जिल्हा न्यायालयात पाठवा, असं मी म्हणणार नाही. पेरणीच्या तोंडावर पैसा लागतो आणि तारखा पडत राहतात. पण कुटुंबाची सगळी जमीन एकदम विकली जात असेल, तेव्हा अज्ञान मुलाच्या हिश्श्याची रक्कम त्याच्या नावे बँकेत, अठरा वर्षांपर्यंत मुदत ठेवीत जावी, आणि त्याची पावती दुय्यम निबंधकाने खरेदीखत नोंदवतानाच मागावी. एवढा बदल कायद्यात व्हायलाच हवा.