दुसऱ्याच्या मुलाचा झोपाळा

दिवाळी जवळ आली की आपल्याकडे घरोघर माळे उतरवले जातात आणि अंगणात वस्तूंचे तीन ढीग पडतात. एक ठेवायचा, दुसरा भंगारवाल्याला द्यायचा आणि तिसरा 'कुणाच्या तरी पोरांना होईल' असा. या तिसऱ्या ढिगाविषयी मला थोडे बोलायचे आहे. पहिल्या दोन ढिगांमागे हिशेब असतो. तिसऱ्यामागे पुण्य असते. आणि जिथे पुण्य आले तिथे माणूस सहसा तपासणी करीत नाही!

कठोपनिषदाची कथा आपणा सर्वांना ठाऊक आहे. वाजश्रवसाने यज्ञात सर्वस्वाचे दान मांडले. पण दानासाठी ज्या गायी बाहेर काढल्या त्या पाणी पिऊन, गवत खाऊन, दूध देऊन संपलेल्या होत्या. पुढे यमाच्या दारी आत्म्याची चर्चा होते आणि आपण त्या चर्चेलाच उपनिषद समजतो. परंतु त्या साऱ्या तत्त्वज्ञानाची सुरुवात एका लहान मुलाच्या साध्या अस्वस्थतेतून झाली आहे, हे आपण विसरतो. मोठ्यांना जे दान वाटत होते ते दान नव्हे, हे त्या यज्ञमंडपात नचिकेत्यालाच कळले. इतरांना कळले नसेल असे नाही. पण बोलला तो एकटा.

गेल्या वर्षी आमच्या शाळेला असेच एक दान मिळाले. गावातल्या एका जुन्या वाड्याच्या परसात मुलांसाठी केलेली खेळाची एक लाकडी चौकट होती. सागाचे चार खांब, त्यांवर आडवी तुळई, तुळईला साखळीचा झोपाळा, एका बाजूला शिडी आणि दुसऱ्या बाजूला घसरगुंडी. ज्यांच्यासाठी ती केली होती ती मुले केव्हाच मोठी होऊन पुण्याला आणि परदेशी गेली. वाड्यातल्या आजींनी ती चौकट शाळेच्या अंगणासाठी देऊ केली. हिरवा-लाल रंग अजून चांगला दिसत होता. आम्हां शिक्षकांना आनंद झाला आणि मुलांना तर विचारूच नका!

गावचे सुतार मिस्त्री आले. त्यांनी वर तुळईकडे पाहिलेच नाही. खाली बसले, खांबाच्या बुडाची माती हाताने बाजूला केली आणि टोच्या लाकडात खुपसला. तो बोटभर आत गेला. "मास्तर," ते म्हणाले, "लाकूड पाण्यात बुडवून ठेवा, वर्षानुवर्षे टिकेल. कोरडे ठेवा, त्याहून टिकेल. पण जिथे माती संपते आणि हवा सुरू होते तिथे ते मरते." ओल आणि हवा दोन्ही जिथे मिळतात तिथेच कुजवणारी बुरशी वाढते. सागाचा गाभा तिला दाद देत नाही. पण गाभ्याबाहेरचे पांढरे लाकूड सागाचे असले तरी तिला सहज बळी पडते. आमच्या चार खांबांपैकी दोन असे बुडाशी पोकळ झाले होते. वरून मात्र रंग शाबूत होता.

आणि तो रंग! जुन्या तेली रंगांत शिसे असण्याचा संभव फार. आपल्या देशात घरगुती रंगांतल्या शिशाला दहा लाख भागांत ९० भाग ही मर्यादा लागू झाली ती २०१७ च्या नोव्हेंबरपासून. हा रंग त्याच्या कितीतरी आधीचा. शिसे लहान मुलांच्या मेंदूला बाधते आणि लहान मूल तर हात तोंडात घालणारच. म्हणून मिस्त्रींनी तो रंग कोरडा घासू दिला नाही. मुलांना दूर ठेवून, पाणी मारून, ओला खरवडला आणि निघालेला चुरा झाडून न टाकता गोळा करून वेगळा बांधून ठेवला. अमेरिकेत घरामागच्या अंगणात अशा चौकटी फार. तिथे लाकूड कुजू नये म्हणून वर्षानुवर्षे त्यात तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक मुरवीत असत. घरगुती वापरासाठी ते थांबवले गेले २००३ च्या अखेरीस. म्हणजे टिकाऊपणासाठी केलेली योजनाच पुढे विषाची शंका होऊन बसली. जुनी वस्तू केवळ झिजून वाईट होत नाही. आपले ज्ञान वाढले म्हणूनही ती वाईट ठरते.

दुरुस्तीचा खर्च ऐकून एक गृहस्थ म्हणाले, "फुकटची वस्तू आहे, एवढी चिकित्सा कशाला? आमच्या लहानपणी एवढे तरी कुठे होते?" 'धर्माची गाय आणि दात का नाय' ही म्हण आपल्याकडे आहेच. ती म्हण घेणाऱ्याला गप्प बसवण्यासाठी आहे आणि कदाचित मोठ्या माणसांच्या व्यवहारात ती योग्यही असेल. मोठा माणूस घेताना पारखू शकतो, नको म्हणू शकतो. जुन्या खुर्चीवर बसण्यापूर्वी आपण तिला हाताने हलवून पाहतोच ना? मूल तसे करीत नाही. समोर झोपाळा दिसला की ते धावत येऊन त्यावर बसते. त्याच्या दृष्टीने मोठ्यांनी तो तिथे टांगला आहे, एवढेच प्रमाण पुरेसे असते. जो पारखू शकत नाही त्याला देताना पारखण्याचे काम देणाऱ्याकडे येते. तो उपकाराचा भाग नव्हे, ते ऋण आहे.

मग कुणी विचारील, एवढी भीती असेल तर उंच शिडीच कशाला ठेवता? मुलांना जमिनीवरच खेळू द्या! हा प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. अलीकडे पुष्कळ आईबाप असाच विचार करतात. परंतु १९४३ साली, डेन्मार्क जर्मनांच्या ताब्यात असताना, कोपनहेगनजवळ एमड्रुप येथे मुलांसाठी एक निराळेच अंगण सुरू झाले. सोरेन्सन नावाच्या उद्यानरचनाकाराने पाहिले होते की, सुबक क्रीडांगणांपेक्षा मुले पडक्या जागेत, टाकाऊ सामानात अधिक रमतात. म्हणून तिथे मुलांच्या हाती फळ्या, विटा आणि हत्यारे दिली. १९४६ मध्ये लेडी ॲलन या बाईंनी ते पाहिले आणि लंडनमध्ये बाँबने उद्ध्वस्त झालेल्या जागांवर तशी अंगणे व्हावीत म्हणून त्या झटल्या. युद्धाने होरपळलेल्या माणसांनीच मुलांना थोडा धोका मोकळेपणाने दिला, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

यात आणि मिस्त्रींच्या टोच्यात विरोध आहे काय? मला तसे वाटत नाही. धोके दोन जातींचे असतात. शिडीची उंची हा एक धोका. पण तो मुलाला दिसतो. ते वर पाहते, एक पायरी चढते, घाबरते, उतरते, उद्या दोन चढते. तो धोका त्याचा गुरू आहे. आतून कुजलेला खांब, आतल्या बाजूने झिजलेली कडी, रंगातले शिसे हा दुसरा धोका. तो मुलाला दिसत नाही आणि त्यातून ते काहीही शिकत नाही, फक्त पडते. दिसणारा धोका मुलाचा आहे, तो आपण हिरावून घेऊ नये. लपलेला धोका आपला आहे, तो त्याच्यावर लोटू नये. आपण मात्र बहुधा उलटे करतो. शिडीच्या दोन पायऱ्या कापून टाकतो आणि खांबाला नवा रंग देतो.

दोन खांब नवे आले, साखळी बदलली, कुसवे नव्याने बसवले, लाकडाला जवसाचे तेल पाजले. नवे खांब मातीत न पुरता सिमेंटच्या ओट्यावर लोखंडी पायात उभे केले. राहिली झोपाळ्याची फळी. तिच्यावर चाकूने कोरलेली दोन नावे होती. आजी म्हणाल्या, "गुरुजी, सगळे बदला, पण ही फळी तेवढी राहू द्या." त्यांचा स्वर ऐकून मी गप्प झालो. मिस्त्रींनी फळी उलटी करून दाखवली. साखळीसाठी पाडलेल्या भोकांतून पाणी मुरून दोन्ही टोकांना रेषेने चिरा गेल्या होत्या. "आजी," ते हळूच म्हणाले, "फळी वाईट नाही, दमली आहे."

बदलल्यावर ती वस्तू तीच राहते काय, हा प्रश्न तत्त्वज्ञांना फार छळतो. पुरीला जगन्नाथाच्या लाकडी मूर्ती नवकलेवराच्या वेळी पूर्णपणे नव्या होतात. १९९६ मध्ये झाल्या, २०१५ मध्ये झाल्या. पण जगन्नाथ बदलला असे कुणी भाविक म्हणत नाही. लाकूड जाते, नाते राहते. आजींना हे मी सांगितले नाही. दुःखापुढे दृष्टान्त शोभत नाहीत. त्या स्वतःच बराच वेळ त्या नावांवरून हात फिरवीत बसल्या आणि मग म्हणाल्या, "माझी पोरे यावर बसून मोठी झाली. दुसऱ्याचे पोर यावरून पडायला नको."

आता ती फळी शाळेच्या ओसरीवर भिंतीला लावली आहे. मुले ती नावे वाचतात आणि ही कोण म्हणून विचारतात. झोपाळ्याला नवी फळी आहे. आठवणींना मान द्यावा, त्या भिंतीवर लावाव्यात, त्यांची गोष्ट सांगावी. मुलांचे वजन मात्र त्यांच्यावर टाकू नये.

आणि हे काही लाकडापुरतेच नाही. आपण पुढच्या पिढीला किती गोष्टी अशाच देत असतो! रीती, श्रद्धा, घराण्याचे अभिमान, अगदी जगण्याविषयीची सुभाषितेसुद्धा. त्यांतल्या काही गाभ्याच्या सागासारख्या आहेत, त्या आणखी पिढ्या झोके देतील. काही बुडाशी केव्हाच पोकळ झाल्या आहेत आणि आपण दर दिवाळीला त्यांना रंग देत आहोत. सगळे फेकून द्या म्हणणाऱ्याला श्रम नको असतात आणि सगळे तसेच ठेवा म्हणणाऱ्यालाही ते नको असतात. मिस्त्रींचा मार्ग तेवढा कष्टाचा. गुडघे टेकून माती बाजूला करण्याचा. आपण तो टाळला, तर पुढे एखादा नचिकेता आपल्याला विचारीलच.